काका, कुठलं गाणं लावू?

बापूकाकांची अँजिओग्राफी ठरली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने सूचना देऊन घेतल्या. रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, अंगठी काढून ठेवा, कवळीचं डॉक्टरांना सांगा, जुने रिपोर्ट पिशवीत घ्या. एका गोष्टीची मात्र कुणालाच कल्पना नव्हती. कॅथ लॅबमध्ये टेबलावर आडवं केलं, उजवा हात फळीवर टेकवला आणि मनगटाला तपकिरी औषध फासता फासता तिथल्या टेक्निशियन पोराने विचारलं, "काका, कुठलं गाणं लावू?"

काकांना आधी वाटलं, आपण भलतंच काहीतरी ऐकलं. बापूकाका चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना गाणं कुठलं हे विचारणं म्हणजे पुढाऱ्याच्या हातात माइक देणं. म्हणाले, "भीमसेन लाव. विलंबित. आणि ते तुमचं यंत्र सारखं टुकटुक करतंय ना, त्याचं काहीतरी कर. गाणं काळी एकला असणार आणि हे वाजतंय पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे. पेटीतसुद्धा नसलेला सूर आहे तो."

पोराने मोबाइलवर शोधलं, लावलं. आधी नदीकाठच्या टू बीएचकेची जाहिरात झाली, मग षड्ज लागला.

त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून मी जे वाचायला लागलो, ते अजून संपलेलं नाही. हृदय, हृदयाचे डॉक्टर आणि गाणं या तिघांचं जुनं साटंलोटं आहे आणि त्यातले किस्से एकाहून एक आहेत.

दुखत नाही, मग घाबरतो का?

अँजिओग्राफीत माणूस जागा असतो. भूल फक्त मनगटापुरती किंवा जांघेपुरती, सुई टोचते तिथे. गंमत अशी की धमनीच्या आतल्या अस्तराला स्पर्श कळतच नाही. मनगटातून निघालेली नळी दंडातून, खांद्यातून हृदयाच्या दारापर्यंत जाते आणि मालकाला पत्ता नसतो. धमन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून डाय सोडतात, तो सोडल्यावर अंगातून एक गरम लाट जाते, मधेच कुणीतरी "श्वास रोखा" म्हणतं, एवढंच काय ते. म्हणजे त्या टेबलावरचा बराचसा त्रास दुखण्याचा नसतोच, धास्तीचा असतो. खोली यंत्रांसाठी थंडगार ठेवलेली, अंगात मागून उघडा गाऊन, भोवती शिशाचे ॲप्रन घातलेली माणसं, आणि पडद्यावर आपलंच हृदय आपल्याला न विचारता धडधडतंय.

धास्ती नुसती मनात राहिली असती तर डॉक्टरांनी फार मनावर घेतलं नसतं. पण घाबरल्यावर रक्तात अॅड्रेनालिन वाढतं, नाडी पळते, रक्तदाब चढतो, आणि मनगटातली आधीच बारीक असलेली धमनी आवळून धरते. नळी पुढेही जाईना, मागेही येईना असं होऊ शकतं. त्यामुळे पेशंटचं मन रमवणं ही कॅथ लॅबमध्ये नुसती माणुसकी नाही, कामाची सोय आहे.

शिवाय आपल्या घरांमधली एक खास धास्ती असते, टक्केवारीची. "किती टक्के ब्लॉक?" हा प्रश्न दहावीच्या निकालासारखा नात्यागोत्यात फिरतो. फरक इतकाच की इथे नव्वद टक्के पडले की पेढ्यांऐवजी ॲम्ब्युलन्सचा विषय निघतो.

खोक रे, खोक!

या सगळ्या उद्योगाची सुरुवात एका तरुणाच्या आगाऊपणातून झाली. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा चोविशी-पंचविशीतला डॉक्टर होता. हृदयापर्यंत नळी नेता येईल असं त्याचं म्हणणं, आणि साहेबांची साफ मनाई. ज्या नर्सच्या ताब्यात उपकरणं होती तिला त्याने पटवलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर कर. याने तिला टेबलाला बांधलं आणि गुपचूप स्वतःच्याच हाताच्या शिरेत नळी सरकवली. मग दोघं जिना उतरून क्ष-किरण विभागात गेले. तिथे त्याने नळीचं टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. पासष्ट सेंटिमीटर नळी अंगात घेऊन माणूस जिना उतरतो! साहेबांचा राग बराच काळ टिकला. १९५६ मध्ये फोर्समानला नोबेल मिळालं.

दुसरा किस्सा १९५८ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा. डॉक्टर मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या तरुणाची तपासणी करत होते. त्या काळी समजूत अशी की हृदयाच्या स्वतःच्या धमनीत थेट डाय गेला तर माणूस संपला. नळी नेमकी घसरून त्याच धमनीत शिरली आणि डाय सुटला. हृदय थांबलं. आजच्यासारखं शॉक देणारं यंत्र हाताशी नव्हतं. सोन्स छाती उघडायच्या तयारीने पुढे धावले, पण पेशंट अजून शुद्धीवर दिसला तसे ओरडले, "खोक!" तो खोकला, पुन्हा खोकला, आणि हृदय चालू झालं. ज्या अपघाताने सोन्सना घाम फोडला, तीच आजची अँजिओग्राफी. कानात गाणं हवं की नको या वादात हा तरुण मला हमखास आठवतो. त्या क्षणी त्याच्या कानाला हेडफोन असता तर?

एक शुक्रवार

आता सप्टेंबर १९७७. आंद्रेयास ग्रुंटझिग हा झुरिचचा डॉक्टर. याने धमनी फुगवायचे फुगे घरच्या स्वयंपाकघरात, टेबलावर डिंक-दोरा घेऊन तयार केले होते. १६ सप्टेंबर १९७७ ला त्याने जगातली पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. पेशंट ३८ वर्षांचा, डॉक्टरही ३८ वर्षांचा, आणि पेशंट पूर्ण जागा.

तारीख नीट बघून घ्या. त्याच १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ऑपेराची सम्राज्ञी मारिया कॅलस हृदयविकाराच्या झटक्याने गेली. आणि त्याच दिवशी मुंबईत सूरश्री केसरबाई केरकर गेल्या. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, वय ८५. एकीकडे तुंबलेलं हृदय पहिल्यांदा फुग्याने मोकळं होतंय आणि दुसरीकडे एकाच दिवशी दोन खंडांतले दोन आवाज बंद होतायत. योगायोगाला काही अर्थ नसतो हे मला मान्य आहे. तरी ही तारीख मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे.

योगायोग इथे संपतही नाही. त्याच्या बरोबर अकरा दिवस आधी, ५ सप्टेंबरला, ‘व्हॉयेजर १’ हे यान उडालं. त्यात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, परग्रहावर कुणी भेटलंच तर त्याला ऐकवायला. भारताचं त्यावर एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहां हो’. गाणारी बाई गेली तेव्हा तिचा आवाज पृथ्वीपासून अकरा दिवसांच्या वाटेवर होता. त्याच तबकडीवर हृदयाच्या ठोक्यांचा आवाज आहे. शिवाय ॲन ड्रुयान या बाईंच्या मेंदूच्या आणि हृदयाच्या लहरी तासभर नोंदवून त्या मिनिटभरात दाबून बसवल्या आहेत. नोंदणीच्या दोनच दिवस आधी त्यांचं आणि कार्ल सेगन यांचं लग्न फोनवर ठरलं होतं. म्हणजे अवकाशात जे हृदय चाललंय ते नुकतंच प्रेमात पडलेलं आहे.

तबकडीवरची शेवटची चीज बेथोव्हनची, त्याच्या एका स्ट्रिंग क्वार्टेटमधली ‘काव्हातिना’. तिच्या मधल्या भागात बेथोव्हनने जर्मनमध्ये शेरा लिहिलाय, त्याचा अर्थ ‘जीव घुसमटल्यासारखं’. आणि तिथे पहिलं व्हायोलिन तालात न बसता अडखळत, धापा टाकत चालतं. २०१४ मध्ये एक हृदयरोगतज्ज्ञ, एक वैद्यक-इतिहासकार आणि एक संगीत-अभ्यासक यांनी मिळून अशी शंका काढली की बेथोव्हनच्या स्वतःच्याच हृदयाची लय बिघडलेली असावी आणि ती त्याने तशीच्या तशी लिहून ठेवली असावी. सिद्ध करणार कसं? पेशंट १८२७ मध्येच गेलाय. पण ते अडखळणारं व्हायोलिन एकदा ऐकाच. बहिऱ्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्याने आतलं ऐकलं, ही कल्पनाच मोठी झकास आहे.

ठोका चुकतो म्हणजे काय होतं?

आपल्याकडे काळजाचा ठोका चुकतो. यात दोन घोटाळे आहेत. पहिला म्हणजे काळीज हा शब्द मुळात संस्कृत ‘कालेय’वरून आलाय आणि त्याचा अर्थ यकृत. मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली की खाटीक बरोब्बर यकृतच देतो, तो भाषाशास्त्राला जास्त इमानी. दुसरा घोटाळा असा की ठोका बहुतेक वेळा चुकत नाही, तो घाईत आधीच पडतो. मग हृदय क्षणभर थांबतं आणि पुढचा ठोका जोरात देतं. आपल्याला जाणवतो तो मधला थांबा आणि नंतरचा दणका. नवशिका तबलजी समेच्या आधीच पोचतो, जीभ चावतो आणि पुढची सम मोठ्याने मारतो, अगदी तस्संच.

छातीवर तबला

डॉक्टर आणि गाणं यांचं नातं किती जुनं? १७६१ साली लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने पुस्तक लिहिलं की पेशंटच्या छातीवर बोटांनी वाजवून आत पाणी आहे की हवा हे ओळखता येतं. त्याच्या बापाची खाणावळ होती आणि तिथे दारूची पिंपं वाजवून किती भरलंय ते बघायचे, तिथूनच हे सुचलं असं सांगतात. हाच गृहस्थ पुढे १७८१ मध्ये सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता लिहून बसला. नायक धुराडी साफ करणारा! छातीच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार?

फ्रान्सचा लाएनेक बासरी वाजवायचा. १८१६ मध्ये एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून त्याने कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून ऐकलं. मग लाकडाची पोकळ नळी कातून घेतली. हाच पहिला स्टेथोस्कोप, आणि चित्रात बघाल तर भोकं पाडायची राहिलेली बासरीच वाटते. ह्यूस्टनचे डेंटन कूली, ज्यांनी १९६९ मध्ये माणसाला पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं, ते डॉक्टरांच्या बँडमध्ये डबल बास वाजवत. बँडचं नाव ‘द हार्टबीट्स’. दुसरं नाव ठेवलं असतं तरच नवल.

ऑपरेशन थिएटरात पेशंटसाठी गाणं लावण्याची गोष्ट मात्र पेनसिल्व्हेनियातल्या एव्हन ओनील केन या सर्जनची. १९१४ मध्ये त्याने अमेरिकन डॉक्टरांच्या नामांकित पत्रिकेला कळवलं की मी ऑपरेशनच्या खोलीत फोनोग्राफ लावतो, पेशंटचं लक्ष भीतीवरून हटतं. शहाणा माणूस, असं वाटतं ना? याच शहाण्याने १९२१ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, आरशांच्या मदतीने स्वतःचंच अपेंडिक्स काढलं. तेव्हा फोनोग्राफ चालू होता की नव्हता, हे मला विचारायचं होतं.

केनच्याही आधी, १८५९ च्या आपल्या पुस्तकात, फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी नोंदवून ठेवलंय की सलग, लांब सूर निघणारी वाद्यं आणि माणसाचा आवाज आजाऱ्याला बरा वाटतो आणि पियानोसारखी तुटक वाद्यं उलट त्रास देतात. बाईंना तानपुरा कुणी ऐकवला असता तर त्यांनी वॉर्डावॉर्डात एकेक बसवून घेतला असता.

मोझार्ट, आबा आणि उंदीर

आता मुद्द्याचं. गाण्याने खरंच फरक पडतो का?

भीती मोजायला एक सर्वमान्य प्रश्नावली आहे. वीस प्रश्न, गुण २० ते ८०. वीस म्हणजे पोचलेला माणूस आणि ऐंशी म्हणजे सकाळी नऊ अठ्ठावन्नला तत्काळ तिकिटासाठी मोबाइल धरून बसलेला. कॉक्रेन या आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांवरच्या २६ चाचण्या, एकूण १,३६९ माणसं, एकत्र करून पाहिल्या. गाणं ऐकणाऱ्यांची धास्ती कमी झालेली दिसली, विशेषतः झटका येऊन गेलेल्यांची. नाडी, श्वास, वरचा रक्तदाब यांतही थोडी उतरण होती. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाला? ज्यांना स्वतःचं गाणं निवडायला मिळालं त्यांना. टेक्निशियन पोराने हा आढावा वाचला असेल असं मला वाटत नाही, पण त्याचा प्रश्न अचूक होता.

याच आढाव्याने असंही बजावलंय की पुरावा फार भक्कम नाही. कारण उघड आहे. औषधाच्या चाचणीत निम्म्या लोकांना साखरेची गोळी देऊन फसवता येतं. गाण्याची खोटी गोळी करणार कशी? ऐकणाऱ्याला माहीतच असतं की तो ऐकतोय.

कुणाचं गाणं, यावर जर्मनीत मजेशीर काम झालं. हान्स-योआखिम ट्राप्पे हे बोखुम विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ, स्वतः चर्चमधला ऑर्गन वाजवणारे. त्यांनी माणसांना पंचवीस-पंचवीस मिनिटं मोझार्ट, योहान श्ट्राउस आणि आबा (आपल्याकडचे नव्हेत, स्वीडनचे) ऐकवलं. २०१६ मध्ये निकाल आला. मोझार्टने वरचा रक्तदाब ४.७ ने उतरला, श्ट्राउसने ३.७ ने. आबांनी काही विशेष केलं नाही. ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाच्या प्रयोगात मोझार्ट जिंकला, यावर मी काही बोलत नाही.

जपानी मंडळी त्याहून पुढची. त्यांनी उंदरांना दुसऱ्या उंदरांची हृदयं बसवली आणि मग गाणी ऐकवली. काहीच न ऐकणाऱ्या उंदरांच्या शरीराने परकं हृदय आठवड्याभरात नाकारलं. एन्या या गायिकेच्या गाण्यांवर ते अकरा दिवस टिकलं, मोझार्टवर वीस, आणि व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेरावर सव्वीस. कानाचे पडदे फोडलेल्या उंदरांना काही उपयोग झाला नाही, म्हणजे ऐकण्याचाच गुण. २०१३ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं ते पारितोषिक, त्यांनाच मिळालं. ‘ला त्राव्हियाता’तली नायिका व्हिओलेता ही मारिया कॅलसची गाजलेली भूमिका. ती १६ सप्टेंबरवाली. आता मी काय करू, गोष्टी आपणहून हात धरायला लागल्या तर?

माणसांवरची एक चांगली गोष्ट स्वीडनमधली आहे. ओपन हार्ट शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी नुसतं पडून राहणारे आणि अर्धा तास शांत गाणं ऐकत पडून राहणारे, अशा चाळीस जणांची तुलना २००९ मध्ये छापून आली. ऐकणाऱ्यांच्या रक्तात ऑक्सिटोसिन वाढलं. बाळाला पाजताना आईच्या अंगात स्रवतं, तेच.

व्हेर्दी आणि जपमाळ

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेला माणूस म्हणजे इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचानो बेर्नार्दी. यांनी गाण्याच्या नावाकडे बघितलंच नाही, लयीकडे बघितलं. २००६ मध्ये त्यांनी २४ जणांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं. त्यातले बारा संगीत शिकलेले, बारा औरंगजेब. सहा तऱ्हांमध्ये आपला एक रागही होता. निष्कर्ष असा की लय वाढली की श्वास, नाडी, रक्तदाब तिघं वाढतात, मग प्रकार कुठलाही असो आणि तुम्हाला तो आवडो की न आवडो. विलंबित मागताना काकांना हे माहीत नव्हतं. किंवा त्यांनाच माहीत होतं आणि आपल्याला २००६ पर्यंत थांबावं लागलं.

पण खरी मेख पुढे आहे. बेर्नार्दींनी तुकड्यांच्या मधे कुठेतरी दोन मिनिटांची शांतता घातली होती, नुसती मोकळी जागा म्हणून. माणसं सर्वांत जास्त सैलावली ती त्या शांततेत. गाणं सुरू होण्याआधीपेक्षाही जास्त. नुसत्या शांततेने हे होत नाही, गाण्यानंतरच्या शांततेने होतं. मैफिलीत भैरवी संपल्यावर टाळ्या पडायच्या आधी जे दोन श्वास जातात, ते ज्याने अनुभवलेत त्याला आकडे नकोत.

याच बेर्नार्दींचं २००१ चं एक काम आहे. ख्रिस्ती माणसं जपमाळेवर लॅटिनमध्ये मारियेची प्रार्थना म्हणतात ती, आणि तिबेटी ‘ॐ मणि पद्मे हुम्’, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. रक्तदाबाच्या आतल्या चढउताराची नैसर्गिक लाटही साधारण दहा सेकंदांचीच असते. दोन्ही जुळले की रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त चलाख होते. पुढे २००९ मध्ये त्यांना व्हेर्दीच्या काही ऑपेरा-गीतांची वाक्यंही दहा-दहा सेकंदांची सापडली आणि ऐकणाऱ्यांचे रक्तदाब त्या वाक्यांबरोबर हलताना दिसले. रामरक्षा त्यांनी तपासली नाही. आमची आजी एका दमात चार ओळी म्हणायची, तिला बसवून बघायला हवं होतं.

देवगिरीचा हिशेबनीस

हृदय आणि सूर यांचा जुना अधिकृत दस्तऐवज मात्र आपल्याच मातीत तयार झाला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाकडे शार्ङ्गदेव नावाचा मोठा अधिकारी होता, हिशेबखात्याचा. आजोबा काश्मीरहून दख्खनेत आलेले. हा हिशेबही बघायचा, औषधंही द्यायचा आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. गाण्याचा ग्रंथ म्हणून उघडावं तर सुरुवातीलाच गर्भ कसा तयार होतो, शरीराची रचना कशी, नाड्या किती, हे सगळं येतं. मग म्हणतो, मंद्र नाद हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. हृदयाशी आडव्या बावीस नाड्या जोडलेल्या आहेत, त्या एकीपेक्षा एक उंच वाजतात, म्हणून श्रुती बावीस.

छाती उघडून बघाल तर बावीस तारा सापडणार नाहीत. पण खालचा सा लावताना छातीवर हात ठेवून बघा. पेटी वाजवणारे बापूकाकाही सांगतील की शार्ङ्गदेवाचं निरीक्षण चुकलेलं नाही, शरीरशास्त्र चुकलंय.

अशा जुन्या ग्रंथांच्या जीवावर व्हॉट्सॲपवर मात्र काय काय चालतं! अमुक राग ऐका, ब्लॉकेज विरघळेल; तमुक राग, बीपी गायब. रागाने ब्लॉक विरघळत असता तर गवयांना कधीच हार्ट अटॅक आला नसता. भीती उतरते, गोळी चालूच ठेवायची असते.

टुकटुकीची बाजू

काकांच्या नावडत्या यंत्राचीही बाजू मांडायला हवी. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजणारं ते यंत्र ठोक्यागणिक एक सूर देतं आणि रक्तातला ऑक्सिजन घटला की तो सूर खाली उतरतो. भूल देणारे डॉक्टर पडद्याकडे पाठ असली तरी सूर उतरलेला कानाने ओळखतात. म्हणजे खोलीत एक तंबोरा आधीपासून लागलेला असतोच आणि कुणाचं गाणं त्यावर चढलं तर पंचाईत.

हेडफोनचंही तेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १५७ पेशंटना शस्त्रक्रियेआधी नस बधिर करताना निम्म्यांना मिडॅझोलॅम हे शामक इंजेक्शनातून दिलं, निम्म्यांना हेडफोनवर ‘वेटलेस’ ऐकवलं. मुद्दाम मनाला उतार देण्यासाठी बनवलेला हा तुकडा साठच्या लयीत सुरू होतो आणि पन्नासवर येतो, हृदयाला बोट धरून जिना उतरवल्यासारखा. २०१९ च्या निकालात धास्ती दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली. तक्रार एकच. हेडफोनवाल्यांचं आणि डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं नीट होईना. सोन्सचा तो खोकणारा पोरगा पुन्हा आठवला की नाही?

आणि ज्याचं हृदय थांबलंच आहे त्याच्यासाठीही गाणं आहे, ऐकायला नव्हे, आपल्याला ताल धरायला. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा. बी जीज यांचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ १०३ च्या लयीत चालतं, म्हणून शिकवणारे तेच गुणगुणायला सांगतात. त्या गाण्यात ड्रमवाला नव्हताच. घरी आई वारल्यामुळे तो गेलेला होता, म्हणून दुसऱ्या गाण्यातला एक तुकडा टेपवर गोल गोल फिरवला आणि वादक म्हणून ‘बर्नार्ड लूप’ असं एक खोटंच नाव छापलं. तितक्याच कामाचं ‘क्वीन’चं एक गाणं आहे. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो ‘आणखी एक आडवा झाला’. ते मनातल्या मनात म्हणायचं.

तिकडे आत बापूकाकांचं काम वीस-बावीस मिनिटांत आटपलं. मनगटाला पट्टा आवळून, चाकाच्या खुर्चीवरून त्यांना बाहेर आणलं तेव्हा आम्ही पाचही जण एकदम उठलो.

"काका, किती टक्के?"

काकांचा चेहरा भलताच पडलेला. काकूंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"कसले टक्के," काका म्हणाले. "द्रुत लागायच्या आधीच बंद केलं त्यांनी."